भांडवलाचं वतन

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आमच्याकडची जाणती माणसं म्हणायची. हल्ली शिकलेली पोरं हीच म्हण वेगळ्या भाषेत सांगतात. वर संपत्ती तयार होऊ द्या, ती झिरपत झिरपत आपोआप खाली येईल, म्हणतात. आमच्या भावकीतली पुण्याला नोकरीला असलेली पोरं जत्रेला गावी आली की पारावर हाच विषय निघतो. मोबाईलवर शेअरचे भाव बघत एखादा म्हणतो, "आण्णा, अमक्याची संपत्ती एका दिवसात हजार कोटीनं वाढली. देश कुठल्या कुठं चाललाय बघा!" मी म्हणतो, "आड भरलाय हे खरं हाय बाबा. पण दोर कुणाच्या हातात हाय?" पोरं हसतात. म्हातारा लाल बावट्यात गेला असं त्यांना वाटतं.

मी लाल बावट्याचा माणूस नाही. बाजार असावा, नफा असावा, अक्कल आणि कष्ट असणाऱ्यानं चार पैसे जास्त मिळवावेत, याला माझी ना नाही. माझा माल मी बाजारातच विकतो. सरकारनं सगळं ताब्यात घेतलं म्हणजे काय होतं ते आम्ही कापसाच्या एकाधिकार खरेदीत आणि धान्याच्या लेव्हीत ऐकलंय, भोगलंय. त्यामुळं श्रीमंत माणूस दिसला की माझ्या पोटात दुखत नाही. २०२४ च्या जुलैत मुंबईत अंबानींच्या घरचं लग्न झालं, तेव्हा गावातली निम्मी माणसं टीव्हीपुढं बसून होती. मीही बघितलं. लग्न त्यांच्या घरचं, पैसा त्यांचा. त्याचा राग धरून मला लिहायचं नाही.

मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. दोन तऱ्हेची माणसं आपल्याला दोन तऱ्हेचं सांगत आलीत. एक म्हणतात, श्रीमंत जितका वाढेल तितका बाजार वाढेल. दुसरे, आमच्या तरुणपणी सभा घेणारे कॉम्रेड लोक, सांगायचे की विषमता वाढत वाढत एक दिवस गरीब उठेल आणि भांडवलशाही कोसळेल. मी साठी ओलांडली, ती काही कोसळली नाही. मला दोन्ही पटत नाहीत. मला वाटतं, पैसा फार थोड्या घरांत साठला की भांडवलशाही मरत नाही. तिचं वतन होतं. आणि वतन म्हणजे काय हे साताऱ्या-सांगलीच्या माणसाला शिकवायला नको.

आपला मुलूखच वतनदारांचा. साताऱ्याला छत्रपतींची गादी, फलटण, औंध, सांगली, मिरज, जत ही संस्थानं, आणि खाली गावोगाव पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार. वतनाची खूण तीन गोष्टींत असायची. ते कमवावं लागत नाही, वारसानं मिळतं. त्यात बाहेरच्या माणसाला शिरता येत नाही. आणि वतनदारानं काम चांगलं केलं काय अन् वाईट केलं काय, त्याचा वाटा ठरलेला. बाजाराचं नेमकं उलटं असतं, निदान असायला पाहिजे. तिथं नवीन माणसाला शिरकाव पाहिजे, वाईट माल देणाऱ्याला बुडायची भीती पाहिजे, आणि माल घेणाऱ्याच्या खिशात पैसा पाहिजे. या तीन गोष्टी गेल्या की पाटी कंपनीची असली तरी आत वतनच असतं.

शिरकाव म्हणजे काय, याचं उदाहरण आमच्या शिवाराला लागूनच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवायचे. तिथं बढती डावलली म्हणून नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजानं कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, पैशाची मदत दिली. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजा स्वतः वतनदारांचा वतनदार; पण त्यानं एका बिनवतनी माणसाला दार उघडून दिलं. तो माणूस आधीच श्रीमंत असता तर माळावर आलाच नसता.

दुसरं उदाहरण त्याहून साधं. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडं माण-खटाव, हा सगळा टापू दुष्काळी. जमीन आहे पण पाऊस नाही. तिथली पोरं गलाईच्या धंद्यात शिरली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. केरळ, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, दिल्ली, कुठल्याही शहरात सराफ कट्ट्याजवळ जा, विट्याकडचा माणूस भेटतो. जाताना त्यांच्याजवळ काय होतं? एक भट्टी, एक मूस, पाव्हण्याच्या दुकानात झोपायला जागा आणि विश्वासू म्हणून नाव. दहा-बारा वर्षं दुसऱ्याकडं राबायचं आणि मग स्वतःची भट्टी घालायची. आज त्या दुष्काळी गावांत जी दोन मजली घरं दिसतात ती या भट्टीवर उठलेली आहेत. भांडवलशाहीचं कौतुक करायचंच तर मी या पोरांचं करीन. जवळ काही नसलेला माणूस आत शिरू शकला, हे तिचं खरं पुण्य.

आता गिऱ्हाईकाची गोष्ट. आमचे वडील सांगायचे, नांगर आला, पंप आला, इंजिन आलं, पण ते वाड्यावरच्या लोकांकडं. कुळाकडं मोटच. कूळ इंजिन घेणार कशावर? जमीन त्याची नाही, अर्धं पीक मालकाला जायचं. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनाला, कसणारा मालक ठरला. सगळीकडं नीट झालं असं नाही. कित्येक कुळांना त्याआधीच हुसकून लावलं, कित्येकांची नावं सात-बाऱ्यावर लागलीच नाहीत. पण ज्यांची लागली त्यांनी विहिरी पाडल्या, सोसायटीचं कर्ज काढलं, इंजिनं घेतली, पोरं शाळेत घातली. ज्या कारखान्यांनी पंप आणि इंजिनं बनवली त्यांना गिऱ्हाईक कुणी दिलं? कूळकायद्यानं दिलं. जमीनदाराची वीस इंजिनं खपली नसती. वीस कुळांची वीस खपली. मालकी पसरली म्हणून बाजार वाढला. हा धडा आमच्या शिवारातला आहे, आणि तो शिकायला मला पुस्तक लागलं नाही.

आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्या चांभाराला विचारा, भांडेवाल्याला विचारा. उसाचं बिल जमा झालं की त्या आठवड्यात त्याचा माल उठतो. बिल थकलं की तो दिवसभर माश्या मारतो. एका घरात हजार कोटी असले म्हणून ते घर हजार घरांच्या चपला घेत नाही. हजार घरांत थोडे थोडे पैसे असले तर हजार जोड खपतात. अमेरिकेत हेन्री फोर्डनं १९१४ साली कामगाराचा रोज वाढवून पाच डॉलर केला तो काही दानधर्म म्हणून नव्हे. माणसं टिकेनात, म्हणून केला. पण त्यातून एक गोष्ट जगाला कळली, की मोटार बनवणाऱ्याला मोटार घेता आली तर धंदा वाढतो.

मग आला साखर कारखाना. आमच्या पिढीनं भांडवलशाही जवळून बघितली ती तिथंच. नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला आणि त्याचं वारं आपल्याकडं आलं. सांगलीला वसंतदादांनी कारखाना काढला, रेठऱ्याला कृष्णा उभा राहिला, कऱ्हाडला सह्याद्री, मग तालुक्या-तालुक्याला. बायकांनी दागिने मोडून शेअर घेतलेली घरं मला ठाऊक आहेत. आमच्या वडिलांनी बैल विकून शेअर घेतला. सहकाराचा नियम मोठा होता: कंपनीत जितके शेअर तितकी मतं, इथं एका माणसाला एक मत. शंभर एकरवाला आणि दोन एकरवाला सभेत सारखे. लहान माणसांनी एकत्र येऊन मोठं भांडवल उभं करायचं, आणि कुणीही त्याचा एकटा मालक नाही. याहून चांगली भांडवलशाही मी ऐकलेली नाही.

ती कशी मेली ते सगळ्यांनी बघितलं. आधी चेअरमन वीस वर्षं तोच राहिला. मग त्याचा मुलगा आला. वार्षिक सभेत अहवाल वाचायच्या आधीच "मंजूर, मंजूर" ओरडायला पहिल्या चार रांगा भरलेल्या असायच्या. प्रश्न विचारायला उठलेल्याच्या हातातला माईक बंद पडायचा. मयताची नावं सभासद यादीत राहिली, जित्यांचे अर्ज नामंजूर झाले. मग कर्ज वाढलं. राज्यात कित्येक सहकारी कारखाने बँकेनं लिलावात काढले आणि ते खासगी झाले; कित्येक भाड्यानं गेले. दादांचा सांगलीचा कारखानाही आज खासगी कंपनी भाडेतत्त्वावर चालवते. राज्यात आता निम्म्याच्या आसपास कारखाने खासगी आहेत. लहान माणसांनी दागिने मोडून जी गोष्ट उभी केली ती पुन्हा थोड्या घरांत गेली.

इथं शहरातला वाचक म्हणेल, बघा, सहकार बुडाला, म्हणजे खासगीच बरं. मी म्हणतो, सहकार कशानं बुडाला ते आधी बघा. लोकशाहीनं नाही बुडाला, लोकशाही मारल्यानं बुडाला. एका घरात सत्ता, त्याच घरात बँक, त्याच घरात कारखाना, शिक्षणसंस्था, दूधसंघ. मत देणाऱ्याच्या पोराला नोकरी त्याच घरातून, ऊस त्याच घराच्या गव्हाणीत, कर्ज त्याच घराच्या बँकेचं. अशा माणसाच्या विरोधात कोण उठणार? वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींनी हुतात्मा कारखाना काढला तेव्हा साधेपणानं कारखाना चालवून चांगला उतारा आणि चांगला दर देता येतो हे लोकांना दिसलं. शेजारच्या कारखान्यांना त्या दराकडं बघून आपला दर ठरवावा लागायचा. एका प्रामाणिक कारखान्याचा धाक दहा कारखान्यांना असतो. तो धाक म्हणजेच बाजार.

आता तो धाक कुठं राहिलाय? केंद्राचा नियम असा, की दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर पाहिजे. आपल्या राज्यानं ते २५ केलं. म्हणजे माझ्या शिवारात उद्या एखाद्या नव्या माणसाला कारखाना काढून मला जास्त दर द्यायचा असला, तरी कायदा म्हणतो, थांब, इथं आधीच एक आहे. मला सांगा, गावात एक किराणा दुकान असताना दुसरं २५ किलोमीटरच्या आत काढायचं नाही असा कायदा केला, तर पहिला दुकानदार मापात पाप करणार नाही का? शेतकरी संघटनेचे लोक ही अट काढा म्हणून किती वर्षं ओरडतायत. शरद जोशींनी उभी हयात हेच सांगितलं, की शेतकऱ्याला भीक नको, मोकळा बाजार द्या. गंमत अशी की ही अट टिकावी म्हणून धडपडणारेच मुंबईत गेल्यावर खुल्या बाजाराची भाषणं करतात.

ऊस लावलेल्या माणसाला दार बंद असलं म्हणजे काय होतं, हे शहरातल्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. ऊस ही काही डब्यात भरून ठेवायची वस्तू नाही. नोंद एका कारखान्याकडं दिलेली असते. तोडीची पाळी आली नाही की ऊस वाळतो, तुरा येतो, वजन घटतं. मग टोळीला खुशाली द्या, चिटबॉयला सांभाळा, ट्रॅक्टरवाल्याचं जेवण बघा. वजनकाट्यावर शंका असली तरी बोलायचं नाही, कारण पुढच्या वर्षीही तिथंच जायचंय. आमच्या भागातल्या एका कारखान्यानं मागं एका हंगामात माझं बिल इतकं थकवलं की सोसायटीच्या कर्जाची तारीख उलटून गेली आणि व्याजाची सवलत बुडाली. कायदा सांगतो, ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्या. त्या व्याजाचा रुपया मला मिळाला नाही, आणि माझ्या ओळखीत कुणाला मिळालेला नाही. याउलट माझं कर्ज थकलं की नोटीस घरी येते.

एवढ्यावर भागलं नाही. २०२२ साली राज्य सरकारनं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा कारखान्यांना देऊन टाकली. शेतकऱ्यांचे नेते कोर्टात गेले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. तीन वर्षं लागली. माझा मुद्दा एवढाच आहे, की ज्याच्याकडं अफाट पैसा साठतो तो पुढं जाऊन नियमच विकत घेऊ बघतो. माल चांगला बनवून नफा मिळवण्यापेक्षा नियम वाकवून मिळवणं स्वस्त पडतं. मग तो कारखानदार राहत नाही, वतनदार होतो.

ही फक्त उसाची कथा नाही. आमच्या भागातून किती माणसं मुंबईच्या गिरणीत होती! साताऱ्याकडच्या गावांत पोस्टमनची वाट बघायचे ती मनीऑर्डरीसाठी. त्या पैशावर बहिणींची लग्नं झाली, विहिरी पडल्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो कधी मागं घेतलाच नाही, तो नुसता विरत गेला, आणि माणसं ट्रंका घेऊन गावी परत आली. मालक बुडाले का? गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग आहे. १९९१ च्या नियमात होतं, की गिरणीच्या जमिनीतली एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम केली. परळला आज जिथं मॉल आणि टॉवर आहेत तिथं आमच्या चुलत्यांनी रात्रपाळ्या केल्या. त्या जमिनीतून पैसा निघाला तो काही नवीन बनवून नाही. नुसती मालकी होती म्हणून निघाला. भांडवल काही बनवायचं सोडून नुसतं भाडं खायला लागलं, की समजावं त्याचं वतन झालं.

देशाचा आकडाही ऐका. २०२४ च्या मार्चमध्ये जगातली विषमता मोजणाऱ्या अभ्यासकांनी, त्यात फ्रान्सचे थॉमस पिकेटी होते, भारताचा १९२२ पासूनचा हिशेब मांडला. २०२२-२३ साली देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडं देशाची ४०.१ टक्के संपत्ती आणि २२.६ टक्के उत्पन्न होतं. त्यांचं म्हणणं, उत्पन्नातला हा वाटा इंग्रजांच्या राज्यातही एवढा नव्हता. काही अर्थतज्ज्ञांना या मोजणीची रीत पटत नाही. नसू दे. आकडा चार टक्क्यांनी इकडं-तिकडं झाला तरी दोर कुणाच्या हातात आहे ते बदलत नाही.

यावर पोरं म्हणतात, "पण आण्णा, गरिबी कमी झालीच की. तुमच्या दारात मोटरसायकल हाय, हातात मोबाईल हाय." खरं आहे. माझ्या लहानपणी दिवाळीलाच गव्हाची पोळी व्हायची. आज रोज होते. हे मी नाकारत नाही. पण मोटरसायकल आली म्हणून माझ्या पोराला कारखाना काढता येतो का? त्याला शेती परवडत नाही, धंद्याला भांडवल नाही, आणि ज्या धंद्यात जावं तिथं आधीच कुणी तरी मोठा पाय पसरून बसलाय. पोट भरणं वेगळं आणि शिरकाव मिळणं वेगळं. वतनदाराच्या वाड्यावरही गड्याचं पोट भरत होतं.

दुसरे म्हणतात, श्रीमंतांना हात लावला तर धंदा पळून जाईल. इतिहास वेगळं सांगतो. श्रीमंतीला आवर घातला तेव्हाच धंदा वाचलाय, आणि आवर घालणारे कम्युनिस्ट नव्हते. अमेरिकेत रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलनं तेलाचा सगळा धंदा गिळला होता. १९११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या कंपनीचे तुकडे करायला लावले. तेलाचा धंदा मेला नाही, उलट वाढला. १९२९ ला तिथला शेअर बाजार कोसळला, तेव्हा रूझवेल्टनं श्रीमंतांवर कर वाढवले, कामगाराला संघटनेचा हक्क दिला, म्हाताऱ्यांना पेन्शन दिली. श्रीमंतांनी त्याला शिव्या घातल्या. पण भांडवलशाही वाचली ती त्याच्यामुळं.

तेवढं लांब कशाला? १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकाराच्या वह्या जाळल्या. दंगे पुणे-नगरकडं पसरले, आणि आपल्या शिराळ्याकडच्या कोकरूडलाही एक उठाव झाला. इंग्रज काही शेतकऱ्याचा पाव्हणा नव्हता. तरी त्यानं १८७९ ला कायदा केला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं बंद झालं, कोर्टाला कर्जाचा मूळ हिशेब तपासायचा अधिकार मिळाला. इंग्रजाला एवढं कळलं होतं, की सगळी जमीन सावकाराच्या घशात गेली तर सारा कुणाकडून घ्यायचा? तो कायदा अपुरा पडला. पुढं १९४३ ते ४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारानं माजलेल्या सावकारांचा आपल्या पद्धतीनं समाचार घेतला. वेळेवर कायद्यानं आवर घातला नाही की तो दुसऱ्या रीतीनं घातला जातो. ती रीत कुणालाच परवडत नाही.

मग करायचं काय? शेतकऱ्याच्या जमिनीला या राज्यात कमाल मर्यादा आहे. बारमाही बागायत असेल तर १८ एकर, कोरडवाहू ५४ एकर. त्याच्या वर गेली तर सरकार घेतं. एका माणसाकडं फार जमीन साठणं समाजाला चांगलं नाही, हे सरकारनं १९६१ साली मानलं. मग एका माणसाकडं लाखो कोटी साठणं चांगलं कसं? मी पैशाला कमाल मर्यादा घाला म्हणत नाही. पण वारसाकर या देशात १९५३ ला आला होता, तो १९८५ ला काढून टाकला. संपत्तीकर १९५७ ला आला, तो २०१५ ला गेला. २०१९ ला कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. आमच्या ठिबकच्या नळीवर, औषधाच्या बाटलीवर जीएसटी मात्र चालू आहे. बापानं कमावलं, त्यानं उपभोगलं, ठीक. पण हजारो कोटी कसलाही कर न देता पोराला, पोराकडून नातवाला, याला वतन नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मोठ्या, फार मोठ्या वारशावर कर बसवा. शेताच्या तुकड्यावर, गावातल्या घरावर नको.

दुसरं, दारं उघडा. साखर कारखान्याची अंतराची अट काढा. वजनकाटे कारखान्याच्या ताब्यातून काढून त्रयस्थाकडं द्या. कुठल्याही धंद्यात एकदोघांनीच सगळा बाजार गिळला तर त्यांना फोडायची हिंमत सरकारला आणि स्पर्धा आयोगाला पाहिजे. आणि पक्षांना कोण किती पैसा देतो ते लोकांना कळू द्या. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला बेकायदा ठरवले ते बरं झालं, पण एक दार बंद झालं की पैसा दुसरं शोधतो.

तिसरं, जे सामाईक आहे ते वाटताना समान वाटा. आमच्या येरळेच्या काठाला बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात स्वतः बळीराजा धरण बांधायला घेतलं. तिथं पाण्याची वाटणी ठरली ती जमिनीच्या एकरावर नाही, माणसावर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. पुढं आटपाडीकडं समन्यायी पाण्यासाठी जी चळवळ झाली तिचं मूळ त्यात आहे. ज्याच्याकडं आधीच जास्त आहे त्यालाच जास्त पाणी, हा नियम मोडता येतो, हे गावच्या माणसांनी करून दाखवलंय.

पारावरच्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही ज्याच्या संपत्तीचे आकडे मोजता त्याच्या मागं तुमची पाळी लागेल असं तुम्हाला वाटतं. पण किर्लोस्करवाडीचा माळ आणि गलाईची भट्टी तुमच्यापुढं उरली आहे का, ते बघा. श्रीमंतांनाही सांगणं आहे. तुमचा शत्रू लाल बावटा नाही, तो केव्हाच थकला. ज्या शिडीनं तुमचा आजा वर चढला ती तुम्ही वर ओढून घेताय. खाली राहिलेल्या माणसाला उद्या बाजारावर विश्वास कशासाठी वाटेल? वतनदारी आपल्या मुलखानं एकदा बघितली आहे. ती मोडायला पिढ्या गेल्या. पुन्हा तेच मोडायची वेळ आमच्या नातवंडांवर आणू नका.